पिन बसली म्हणजे काम झालं असं नाही!

मागच्या अंकात इन्व्हर्टर आणि पावसाळ्यातली लाइट यावर लिहिलं होतं, म्हटलं त्यावरच पत्रं येतील, तर आली सगळी परदेशवारीची. कोणाची लेक शिकायला निघाली, कोण सुनेच्या बाळंतपणाला, कोण पहिल्यांदा शिपवर. आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, अडॅप्टर कुठला घेऊ. मी अठरा वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो त्यामुळे या विषयात माझं थोडं तोंड जास्त चालतं, सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार दादा, माझी मुलगी सप्टेंबरात लिस्बनला शिकायला चाललीय. तिचा लॅपटॉप थ्री-पिनचा आहे, मोबाइलचा चार्जर टू-पिन, केस सरळ करायचं मशीन आहे, आणि माझी इच्छा आहे की तिने छोटा मिक्सर न्यावा, नाहीतर पोर ब्रेड खाऊन दिवस काढणार. कुठला अडॅप्टर घ्यायचा? दुकानदार तीन प्रकारचे दाखवतो आणि तिन्ही चालतात म्हणतो. — एक आई, फोंडा

ताई, तुमचं नशीब चांगलं. पोर्तुगालमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते ते), म्हणजे आपल्या घरात येते अगदी तीच वीज. त्यामुळे व्होल्टेजची काळजी डोक्यातून काढूनच टाका, भानगड राहिली ती फक्त पिनीच्या आकाराची.

मोबाइलचा टू-पिन चार्जर बहुतेक तसाच बसेल, अडॅप्टर नको. या बारीक गोल दोन पिनांना टाइप सी म्हणतात (मुलांना टाइप सी म्हटलं की मोबाइलची केबल आठवते, ती वेगळी, ही भिंतीतली). पिनीची जाडी ४ मिलिमीटर, आणि ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, सायप्रस हे चार देश सोडले तर जवळजवळ अख्ख्या युरोपात ती चालते.

थ्री-पिन मात्र नाही बसणार. पोर्तुगालचं सॉकेट गोल खड्ड्यासारखं असतं, दोन भोकं आणि कडेला अर्थिंगच्या दोन पट्ट्या. त्यातली भोकं ४.८ मिलिमीटरच्या पिनांसाठी केलेली आणि आपल्या सहा अँपियरच्या टॉपच्या, म्हणजे प्लगच्या, पिना ५.१ च्या, वर ती तिसरी जाडजूड अर्थिंगची पिन आहेच. काही लोक ती तिसरी पिन कापून टाकतात आणि उरलेल्या दोन जोर लावून आत कोंबतात. असं करू नये हे मी सांगायची गरज नाही पण सांगतो, कारण माझ्या ओळखीत दोघांनी केलंय.

आता लॅपटॉपसाठी एक युक्ती ऐका, ती अडॅप्टरपेक्षा स्वस्त आणि शंभर पटीने बरी. लॅपटॉपच्या चार्जरला दोन वायरी असतात बघा, एक बारीक जी लॅपटॉपमध्ये जाते आणि दुसरी जाड जी भिंतीत जाते. ही जाड वायर चार्जरच्या ठोकळ्यातून ओढली की निघते. तिथे पोचल्यावर फक्त तेवढी वायर तिथल्या पिनीची विकत घ्यायची आणि आपली घरची वायर बॅगेत ठेवून द्यायची. अर्थिंगसकट व्यवस्थित जोडणी होते आणि भिंतीला लोंबकळणारा ठोकळा नको. ठोकळ्याच्या बाजूचं तोंड बघून घ्यायला सांगा, तीन पाकळ्यांसारखं आहे की चौकोनी की इंग्रजी आठच्या आकाराचं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की दुकानात बोलायलाच नको.

अर्थिंगचं एवढं कशाला म्हणाल तर, अर्थिंग नसलेल्या अडॅप्टरवर लॅपटॉप लावला आणि त्याची बॉडी धातूची असली की हात ठेवल्यावर झिणझिण लागते, मुंगी चालल्यासारखी. ती चार्जरमधल्या फिल्टरमधून झिरपणारी किंचितशी वीज असते, जीव घेणारी नाही पण पोरगी घाबरून रात्री दोनला फोन करणार तुम्हाला, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

केसांचं मशीन आणि मिक्सर दोन्ही चालतील, वीज तीच ना. फक्त त्यांना पातळ प्लास्टिकचा शंभर रुपयांचा अडॅप्टर लावू नका, त्यावर किती अँपियर लिहिलंय बघा. माझं मत विचाराल तर मिक्सर तिकडे चालतो हे खरं, पण त्याच तीन-चार किलोत सोलां (आमसुलं), कुळथाचं पीठ आणि घरचा मसाला बसतो. मिक्सर लिस्बनला मिळतो, सोलां शोधत फिरावं लागतं.

प्रश्न : दादा, सून अमेरिकेत आहे, दिवाळीनंतर बाळंतपण आहे म्हणून मी सहा महिने जाणार. मिक्सर, इलेक्ट्रिक राइस कुकर, माझं नेब्युलायझर आणि शेकायची इलेक्ट्रिक पिशवी नेऊ का? मुलगा म्हणतो काही आणू नकोस, पण मुलांचं काय ऐकायचं. अडॅप्टर मी म्हापशाच्या बाजारातून घेऊन ठेवलाय. — होणारी आजी, म्हापसा

मावशी, या वेळी मुलाचं ऐका.

खरं सांगायचं तर आज हे सगळं लिहायला बसलो ते तुमच्यामुळेच, कारण तुमच्यासारखी दहा पत्रं आहेत. अडॅप्टर घेतला म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटतं. अडॅप्टर काय करतो, फक्त पिनीचा आकार बदलतो. चपलेवर मोजा घातल्यासारखं, पाय तोच. अमेरिकेत भिंतीत १२० व्होल्ट आहेत, आपल्याकडे २३०, आणि तुमचा म्हापशाचा अडॅप्टर त्या १२० चे २३० करत नाही, पिन छान बसेल आणि मिक्सर रडत फिरेल.

रडत म्हणजे कसा. आपली इस्त्री, कुकर, गीझर, शेकायची पिशवी ही सगळी तापणारी यंत्रं. त्यांना व्होल्टेज अर्धं दिलं की उष्णता अर्धी होत नाही, पाव होते, कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही तेवढाच कमी होतो आणि दोन्हीचा गुणाकार म्हणजे वॅट. १००० वॅटची आपली इस्त्री अमेरिकेत जेमतेम २७० वॅटची होते. मी हे स्वतः भोगलंय. नवा नवा बोटीवर लागलो, त्या बोटीच्या केबिनमध्ये ११० व्होल्टचे पॉइंट, मी आईने दिलेली इस्त्री लावली आणि वीस मिनिटं थांबलो, इस्त्री कोमट. दुसऱ्या दिवशी कॅप्टनसमोर चुरगळलेल्या युनिफॉर्ममध्ये उभा, तेही इलेक्ट्रिकल खात्याचा माणूस.

उलट केलं की जास्त वाईट. चार वर्षांनी मी अमेरिकेच्या बंदरातून आईसाठी कॉफीचं मशीन आणलं, सुट्टीवर घरी आलो, दमलेलो, आणि बहिणीने कौतुकाने अडॅप्टर लावून ते भिंतीत घातलं. १२० वाल्याला २३० मिळाले की तो जवळजवळ पावणेचारपट वॅट ओढायला बघतो. पाच सेकंद चाललं असेल, मग वास, मग घरातला फ्यूज. आई म्हणाली कॉफी नको, कंजी कर.

आता तुमच्या एकेका वस्तूचं. मिक्सरची मोटर १२० वर फिरेल पण दम नसलेली, ओलं खोबरं घातलं की अडकणार, आणि अडकलेली मोटर तापते. यावर उपाय आहे, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर म्हणून ठोकळा येतो जो १२० चे २३० करतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला दीड हजार वॅटचा तरी ट्रान्सफॉर्मर लागतो कारण मोटर सुरू होताना दुप्पट-तिप्पट ओढते, आणि तो ठोकळा वजनाला मिक्सरपेक्षा जड. शिवाय तिथल्या साध्या पॉइंटवर १५ अँपियर म्हणजे फार तर १८०० वॅट. त्यापेक्षा ११० व्होल्टचे आपल्याच पद्धतीचे, दगडासारखं वाटण करणारे मिक्सर तिकडे भारतीय सामानाच्या दुकानात मिळतात, मुलाला आधीच घेऊन ठेवायला सांगा, हुमणाचं वाटण पहिल्या दिवशीच होईल. राइस कुकर तिकडे ढिगाने मिळतात, तो तर मुळीच नको.

नेब्युलायझरबद्दल मात्र नीट बघा, तो औषधाचा प्रश्न आहे. उलटा करा आणि खालचं लेबल वाचा. बारीक अक्षर असतं, नातवंडं नाहीत तोवर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. 'इनपुट' या शब्दापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलं असेल तर ते जगात कुठेही चालतं, फक्त पिन बदलायची. नुसतं २३० व्होल्ट ५० हर्ट्झ लिहिलं असेल तर तिकडे चालणार नाही, आणि कॉम्प्रेसरवाली जुनी मशीनं बहुतेक अशीच असतात. तसं असेल तर यूएसबीवर किंवा सेलवर चालणारं छोटं मशीन मिळतं, डॉक्टरांना विचारून ते घ्या. औषधाच्या मशीनला ट्रान्सफॉर्मरचे खेळ नकोत.

लेबलवर 'आउटपुट' पण असतं हां, तिथे ५ व्होल्ट, १९ व्होल्ट असे आकडे असतात, ते बघून घाबरू नका, ते मोबाइल-लॅपटॉपच्या बाजूचे. आपल्याला कामाचं फक्त इनपुट.

आणि शेकायला रबराची पिशवी न्या, गरम पाणी घाला, तिला कुठलेच व्होल्ट लागत नाहीत.

प्रश्न : मी पुढच्या महिन्यात दुबईला नोकरीवर रुजू होतोय. काका पंधरा वर्षं तिकडे होते, ते म्हणतात अडॅप्टर वगैरे काही नको, वरच्या भोकात पेन खुपसायचं आणि टू-पिन आत सारायची. खरं आहे का? — वास्को

खरं आहे, असं करतात, आणि करू नये.

दुबई, अबू धाबी, कतार, बहारीन, कुवेत, ओमान, सौदी सगळीकडे तो ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा प्लग, टाइप जी. त्याच्या सॉकेटमध्ये खालची दोन भोकं आतून झाकणांनी बंद असतात आणि वरची लांब अर्थिंगची पिन आत गेली की झाकणं उघडतात. पोरांनी खिळा घालू नये म्हणून केलेली सोय. काका पेन खुपसून तीच सोय मोडतात, आणि मग जी टू-पिन आत जाते ती सैल बसते, कारण ते भोक चपट्या पिनीचं आहे. सैल बसलं की तापतं, स्पार्क मारतं, काळं पडतं. काकांना पंधरा वर्षांत काही झालं नाही याचं कारण ते मोबाइल आणि ट्रिमरच लावत होते, इस्त्री लावली असती तर आज त्यांचा सल्ला वेगळा असता.

यात एक गंमत आहे. आपली जी गोल तीन पिनांची पद्धत आहे ती मूळ ब्रिटिशांचीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची टंचाई, घरं नव्याने बांधायची, म्हणून त्यांनी वायरिंगची पद्धत बदलली, घरभर एकच गोल फिरणारी वायर आणि प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज. १९४७ साली हे चौकोनी पिनांचं स्टँडर्ड आलं. म्हणजे ते इथून गेले त्याच साली त्यांनी घरचे प्लगही बदलले, आणि आपण त्यांचे जुने घेऊन बसलो. आता आपल्या गोव्यात तेव्हा इंग्रज नव्हतेच, पोर्तुगीज होते, पण प्लग आजही लंडनचेच जुने, लिस्बनचे नाहीत. गंमत दक्षिण आफ्रिकेचीही, तिथे आपला जाड १६ अँपियरचा पॉवर प्लग सरळ बसतो, अडॅप्टर लागत नाही.

तुमच्यासाठी सरळ सांगतो, चार्जर तिथेच चौकोनी पिनेचे घ्या, स्वस्त आहेत. व्होल्टेज आपल्यासारखंच. पुढे कधी सौदीला बदली झाली तर तिथे ६० हर्ट्झ आहे हे लक्षात ठेवा, चार्जरला फरक पडत नाही पण इथून नेलेलं भिंतीतल्या विजेवर चालणारं जुनं घड्याळ तासाला बारा मिनिटं पुढे पळेल.

प्रश्न : आमचं मोरजीला सहा खोल्यांचं गेस्टहाऊस आहे. रशियन, ब्रिटिश, इस्रायली असे पाहुणे येतात. या सीझनमध्ये दोन सॉकेट जळाले, एकदा भिंतीवर काळा डाग. पाहुणे म्हणतात तुमची वायरिंग वाईट, आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो पाहुणे वाईट. कोण बरोबर? — मोरजी

दोघंही थोडे थोडे.

मी मागे हरमलला एका ओळखीच्याकडे असाच जळका सॉकेट उघडून बघितला होता. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या. समुद्राचं खारं वारं. किनाऱ्यावर सॉकेटचं आयुष्य फोंड्याच्या सॉकेटच्या निम्मंसुद्धा नसतं, हिरवी पट्टी पिनेला नीट धरत नाही, सैल पकड म्हणजे उष्णता. त्यात पाहुणा आला युरोपची बारीक ४ मिलिमीटरची पिन घेऊन, आपलं भोक ५.१ च्या पिनीसाठी, ती आधीच खुळखुळते. मोबाइल लावला तर काही होत नाही. पण पाहुणीने हेअर ड्रायर लावला की संपलं. ड्रायर साधारण २००० वॅट, म्हणजे पावणेनऊ अँपियर, आणि तुमच्या पलंगाशेजारचा पॉइंट सहाचा. ब्रिटिश पाहुणे तर कधी घरून किटली आणतात, ती ३००० वॅटची, तेरा अँपियर! चहासाठी माणसं काय काय करतात. सहाच्या पॉइंटवर फार तर १३८० वॅट, सोळाच्या पॉइंटवर ३६८०, हे दोन आकडे खोलीत काम करणाऱ्या मुलांनाही पाठ करून ठेवायला सांगा.

मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. प्रत्येक खोलीत आरशाजवळ एक १६ अँपियरचा पॉइंट, बोर्डापासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची वायर ओढून, आणि तिथेच खोलीचा स्वतःचा ड्रायर लटकवून ठेवायचा म्हणजे पाहुणे आपला काढतच नाहीत. किटली पण तुमचीच ठेवा. पलंगाशेजारी सगळ्या पिना घेणारं युनिव्हर्सल सॉकेट लावतात लोक, मला ते फारसं आवडत नाही, सगळ्यांना घेणारं कोणालाच घट्ट धरत नाही, आणि रशियन प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्टीत असतं ते त्यात जोडलंच जात नाही. मोबाइलसाठी यूएसबीवाला पॉइंट द्या आणि विषय संपवा. काउंटरवर चांगले, जाड, फ्यूजवाले चार अडॅप्टर ठेवा, डिपॉझिट घेऊन द्या नाहीतर ते मॉस्कोला पोचतात. सॉकेट दर दोन वर्षांनी, दिसायला चांगले असले तरी, पावसाळा संपला की बदला. आणि मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपली की लाइन तोडणारं ते ३० मिलिअँपियरवर पडणारं स्विच, नसेल तर बाकी सगळं राहू दे, आधी ते बसवा. ओल्या अंगाने स्विमिंग पूलवरून येऊन चार्जरला हात लावणारे पाहुणे आहेत तुमचे.

एक राहिलं, अमेरिकन पाहुणी आली तर तिचा ड्रायर आधी बघा. काहींच्या मुठीवर छोटा स्क्रू असतो, नाण्याने फिरवून १२० चा २४० करायचा. तो फिरवायला विसरली की डागाचं बिल तुमच्या भिंतीवर.

प्रश्न : क्रूझवर पहिलं जॉइनिंग आहे, हाउसकीपिंगमध्ये. सगळे शिपी (जहाजावर काम करणारे) म्हणतात एक्स्टेंशन बोर्ड ने, केबिनमध्ये पॉइंट कमी असतात. पण एकाचा गँगवेवरच, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवरच, काढून घेतला. नेऊ की नको? — कुंकळ्ळी

नेऊ नको रे बाबा. विशेषतः सर्ज प्रोटेक्शनवाला, म्हणजे व्होल्टेज अचानक वाढलं तर वाचवणारा, तर अजिबात नको. कारण सांगतो म्हणजे नियम मूर्खपणाचा वाटणार नाही. घरी दोन वायरींपैकी एक फेज आणि दुसरी न्यूट्रल, न्यूट्रल जमिनीला जोडलेली. जहाजावर बहुतेक ठिकाणी तसं नसतं, दोन्ही वायरी जिवंत, जहाजाच्या लोखंडाला कुठलीच जोडलेली नाही, म्हणजे एका ठिकाणी फॉल्ट आला तरी जहाज अंधारात जाऊ नये. सर्ज प्रोटेक्टरच्या आत वायर आणि अर्थ यांच्यामध्ये एक पार्ट बसवलेला असतो, या असल्या सिस्टीमवर तो तापून पेटू शकतो. समुद्रात आग म्हणजे काय ते मी बघितलंय, तू बघू नको. इस्त्री पण नको, लाँड्री असते. केबिनमध्ये बहुतेक अमेरिकन चपट्या पिनेचा एक पॉइंट आणि युरोपियन गोल पिनेचा एक असतो, तर तीन-चार तोंडांचा एकच यूएसबी चार्जर ने, १००-२४० वाला. तेवढ्यात सगळं भागतं. सुट्टीवर येशील तेव्हा सांग कसं झालं.

प्रश्न : दुकानात 'दीडशे देशांत चालणारा' युनिव्हर्सल अडॅप्टर मिळतो, त्यावर १८४० वॅट लिहिलंय. आम्ही दोघं रिटायर झालोय, आधी जपान, मग युरोप करायचा विचार आहे. हा एकच पुरेल ना? — पणजी

जवळजवळ पुरेल, पण तो १८४० चा आकडा जरा फसवा आहे. बारीक अक्षरात बघा, ८ अँपियर असं लिहिलं असणार. आठ गुणिले २३० म्हणजे १८४०. जपानला भिंतीत १०० व्होल्टच आहेत, तिथे हाच अडॅप्टर ८०० वॅटचा होतो. आणि या अडॅप्टरांना बहुतेक अर्थिंग नसतं, मोबाइल, कॅमेरा, टू-पिनचा लॅपटॉप एवढ्यालाच वापरा. स्वित्झर्लंड, इटलीत काही सॉकेट भिंतीत आत खोल असतात, तिथे हा जाडजूड ठोकळा आत जातच नाही, म्हणून बरोबर एक साधा टू-पिनचा चार्जर ठेवा, तो तिथे गुपचूप बसतो.

जपानला चपट्या दोन पिना, अमेरिकेसारख्याच, पण तिसऱ्या अर्थिंगच्या पिनेचं भोक बऱ्याच ठिकाणी नसतंच. आणि एकाच देशात दोन प्रकारची वीज, तोक्योच्या बाजूला ५० हर्ट्झ, ओसाकाच्या बाजूला ६०. १८९५-९६ च्या सुमाराला तोक्योने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन, ते भांडण आजही मिटलेलं नाही. २०११ च्या भूकंपात पूर्वेकडची वीज केंद्रं बंद पडली तेव्हा पश्चिमेकडे वीज असून पुरेशी इकडे देता आली नाही, मधली बदलून देणारी स्टेशनं लहान पडली. दोन दुकानदारांच्या निवडीची किंमत सव्वाशे वर्षं. तुम्हाला याचा त्रास काही नाही, चार्जरला ५० काय ६० काय, पण बुलेट ट्रेनमध्ये बसाल तेव्हा बायकोला सांगायला बरं.

पॉवर बँक नेणार असाल तर हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही. २०,००० एमएएचचा ७४ वॅट-अवर होतो, १०० च्या आत असल्यामुळे चालतो. १०० ते १६० च्या मधला असेल तर विमान कंपनीची परवानगी, त्याच्या वर मुळीच नाही.

प्रश्न : भाचा इंग्लंडला स्विंडनमध्ये आणि थोरला मुलगा न्यू जर्सीला. दोघंही तिकडे चवथ (गणपती) करतात आणि दोघांनाही मखराला इथल्या लाइटच्या माळा हव्यात. दोघांना सारख्याच पाठवल्या तर चालतील? — डिचोली

भाच्याला पाठवा, त्याच्याकडे २३० व्होल्ट आहेत, चौकोनी पिनेचा अडॅप्टर लावला की माळ पेटेल, फक्त त्या अडॅप्टरमधला फ्यूज ३ अँपियरचा असू दे, माळेला १३ चा फ्यूज म्हणजे मांजराला बैलाचं दावं. रात्री झोपताना बंद करायला सांगा, आपल्या माळांच्या वायरी किती बारीक असतात ते मी लिहायला नको.

थोरल्याला नको. आपल्या एलईडी माळेत दिवे एकामागे एक ओवलेले असतात, प्रत्येकाला तीनेक व्होल्ट, असे साठ-सत्तर मिळून दोनशेच्या घरात जातात. १२० वर ती माळ पेटणारच नाही किंवा काजव्यासारखी दिसेल आणि मुलगा तुम्हालाच म्हणणार बाबा, जुनी पाठवलीत. त्याला यूएसबीवर चालणारी माळ पाठवा, ५ व्होल्टची, ती स्विंडनलाही चालते आणि न्यू जर्सीलाही, म्हणजे दोघांत भांडण पण नको. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांचं, सामान मात्र बॅगेत घालू नका, तिथल्या कस्टमवाल्याला कांगलां आणि घागऱ्या म्हणजे काय हे समजवायला मी येणार नाही.